रक्ताची तारीख सांभाळून सेवाकार्य: थॅलेसेमिया असलेल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आयुष्यभर नियमित रक्त चढवावे लागणारा जन्मजात रक्तविकार, असलेल्या मुलामुलींना समाजात सहसा एकच भूमिका दिली जाते, ती म्हणजे घेणाऱ्याची. रक्त घ्यायचे, औषधे घ्यायची आणि कोणी शिबिर भरवले की पहिल्या रांगेत बसून आभार मानायचे. इंदूरमध्ये हा आजार सोबत घेऊन वाढताना मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत रक्तदान शिबिरांचे आणि निधी जमवण्याचे काम केले. आपल्यासारख्यांनी हे काम कार्यकर्ता म्हणून, जबाबदारी घेऊन करावे, मात्र त्याची आखणी रुग्णालयाच्या तारखांपासूनच सुरू करावी, असे माझे त्यावरून ठाम मत झाले आहे. पुढील मार्गदर्शन १३ ते १८ या वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. औषधे आणि उपचार यांबाबत शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

आधी दिनदर्शिका

आपल्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही, म्हणून साधारणपणे दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन ९ ते १०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान राहावे असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. त्यामुळे महिन्याचे सगळे दिवस सारखे नसतात. रक्त चढल्यानंतरच्या आठवड्यात जिने चढताना काही वाटत नाही, आणि पुढच्या तारखेच्या आधीचे तीन-चार दिवस दप्तरही जड लागते. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, पण कामाची कबुली देताना आपण ते विसरतो.

म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रथम रक्ताच्या तारखा लाल शाईने लिहाव्यात. तारखेनंतरचे आठ-दहा दिवस घरोघरी फिरणे, सभागृह लावणे, शिबिराच्या दिवशी उभे राहणे अशा कामांसाठी ठेवावेत, आणि तारखेआधीच्या दिवसांत बसून होणारी कामे घ्यावीत, जसे फोन करणे, याद्या तयार करणे, पावत्यांचा हिशेब जुळवणे. मंडळातील दादा-ताईंना हे वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकले की ऐनवेळी कारणे द्यावी लागत नाहीत.

एक नियम मात्र मोडू नये. कार्यक्रमासाठी रक्ताची तारीख पुढे ढकलू नये. हिमोग्लोबिन खाली गेले की हृदयावर ताण येतो आणि अस्थिमज्जा निष्फळ धडपड करू लागते, आणि त्याचे परिणाम लगेच दिसत नसल्यामुळे तारीख ढकलण्याची सवय लागायला वेळ लागत नाही. तारीख अलीकडे घेता येईल का, हे विचारायला हरकत नाही. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांकी, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, आणि त्या रात्री मंडळासोबत थांबायचे असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे; शक्य असल्यास ते तारीख चार दिवस आधी देतात. ऐन आदल्या दिवशी विचारले तर रक्तपेढीलाही जुळवाजुळव करणे अवघड जाते.

शाळेचेही याच वेळी उरकावे. सीबीएसईच्या शाळांत ७५ टक्के उपस्थिती लागते आणि आजारपणासाठी कागदपत्रांसह सवलत मागता येते, म्हणून जूनमध्येच डॉक्टरांचे पत्र वर्गशिक्षकांकडे द्यावे. त्याच पत्रात आणखी एक ओळ असावी, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: या विद्यार्थ्याला लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. सरकारी योजनेत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती लोह आणि फॉलिक अॅसिडची असते. इतरांसाठी ती हिताचीच आहे, पण आपल्या शरीरात चढवलेल्या रक्ताबरोबर आधीच लोह साठत असते. शिक्षिका प्रेमाने गोळी हातावर ठेवतात आणि सगळ्या वर्गासमोर नाही म्हणणे जड जाते, म्हणून ते काम पत्राकडे सोपवावे.

रुग्णालयाचा दिवस स्वतः सांभाळणे

तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत फाईल आईच्या हातात असते. ती हळूहळू आपल्या हातात घ्यावी. एक जाड वही करावी आणि प्रत्येक भेटीला त्यात तारीख, वजन, रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन, किती रक्त चढले, पिशवीचा क्रमांक आणि काही त्रास झाला असल्यास तो, एवढे लिहावे. फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी, तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी होते, तो आकडा वेगळ्या पानावर ओळीने लिहिला की चढ-उतार डोळ्यांना दिसतो. हृदय आणि यकृत यांत साठलेले लोह मोजण्यासाठी टी-टू-स्टार एमआरआय करतात; तो केव्हा करायचा हे तुम्ही स्वतः विचारावे.

शहरातील रुग्णालयांत सगळा व्यवहार हिंदीत चालतो, अहवाल इंग्रजीत येतात आणि घरी आजीला सगळे मराठीत सांगावे लागते. डॉक्टरांनी वापरलेला शब्द वहीत जसाच्या तसा लिहून त्याखाली आपल्या भाषेत एक वाक्य लिहिण्याची सवय मला फार उपयोगी पडली, कारण आजीला समजेल असे सांगता आले तरच आपल्याला ते खरोखर समजलेले असते.

क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचे रक्त आपल्या रक्ताशी जुळते का हे पाहण्यासाठी, रक्ताचा नमुना आदल्या दिवशी द्यावा लागतो का, हे आपल्या केंद्रावर विचारून ठेवावे. तशी सोय असेल तर मुख्य दिवसाचे बरेच तास वाचतात. पिशवी लावण्याआधी परिचारिका नाव, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक ताडून पाहतात. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून आपणही ते कागदावर पाहावे आणि आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगावे. पहिली पंधरा मिनिटे विशेष लक्ष देण्याची असतात. थंडी वाजणे, अंगाला खाज, पाठीत दुखणे, धाप लागणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच सांगावे. ‘थोडेसेच आहे, संपेल’ असे म्हणत गप्प बसू नये. शीतपेटीतून काढलेली पिशवी चार तासांच्या आत संपवायची असते, म्हणजे दुपार तिथेच जाणार हे धरूनच चालावे. अभ्यासाचे पुस्तक आणि दात्यांची यादी दोन्ही मी सोबत नेत असे.

लोह काढणाऱ्या औषधांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण किशोरवयात हीच बाजू सर्वांत जास्त ढासळते. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि ते बाहेर टाकण्याची नैसर्गिक सोय शरीराला नसते. ते हृदय, यकृत आणि वाढीच्या ग्रंथींमध्ये साठते. उंची थांबणे, वयात येण्यास उशीर होणे, मधुमेह होणे, यांच्या मागे बहुधा हेच साठलेले लोह असते. डिफेरासिरॉक्स रोज एकदा घ्यायचे असते, डेफेरिप्रोन दिवसातून अनेकदा, आणि डेस्फेरॉलचा पंप रात्रभर त्वचेखाली चालतो. औषध चुकल्याने आज काहीच बिघडत नाही, म्हणूनच ते चुकते. शिबिराची धावपळ असलेल्या आठवड्यात तर हमखास चुकते. तेव्हा कामाच्या पिशवीत पावती पुस्तकाशेजारी गोळ्यांची डबी असलीच पाहिजे. डेफेरिप्रोन चालू असताना ताप आला किंवा घसा धरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात. ज्यांची प्लीहा काढली आहे त्यांनी तर कोणत्याही तापात वाट पाहू नये, मग दुसऱ्या दिवशी शिबिर असो वा परीक्षा.

पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत काही मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे, अशी घरी विनंती करावी. आईबाबांनी याचा राग मानू नये. मुलांना काही प्रश्न त्यांच्यासमोर विचारता येत नाहीत.

शिबिर: आपले काम कोणते आणि कोणते नाही

रक्तदात्याचे वय १८ ते ६५ असावे लागते, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे तुमचे मित्रही अजून रक्त देऊ शकत नाहीत, पण शिबिर उभे करण्यासाठी वयाची अट नाही.

प्रथम रक्तपेढीशी बोलावे आणि मगच मंडळाशी. शिबिर परवानाधारक रक्तपेढीच घेऊ शकते. डॉक्टर, तंत्रज्ञ, सुया, पिशव्या त्यांच्या असतात. आपण हवेशीर आणि शक्यतो तळमजल्यावरची जागा, टेबले, खुर्च्या, वीज, पाणी, स्वच्छतागृह आणि अल्पोपाहार यांची व्यवस्था करायची. रक्तपेढीला विचारण्याचा मुख्य प्रश्न असा: तुम्हाला कोणत्या महिन्यात किती पिशव्या हव्या आहेत? लाल पेशी योग्य द्रावणात जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस, आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना शक्यतो ताजे रक्त देतात. गणेशोत्सवात प्रत्येक गल्लीत शिबिर होते आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, रुग्णांचे नातेवाईक दात्यांसाठी वणवण करतात. त्यामुळे विक्रम करण्यासाठी भरवलेल्या एका प्रचंड शिबिरापेक्षा वर्षातून तीन लहान शिबिरे, त्यातले एक भर उन्हाळ्यात, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. फलकावर लहान आकडा दिसेल म्हणून मंडळाचे लोक नाराज होतात. त्यांना ४२ दिवसांचा हिशेब शांतपणे समजावून सांगावा. आठ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन आणि चौदा जून हा जागतिक रक्तदाता दिन, हे दोन्ही उन्हाळ्याच्या टंचाईतच येतात, त्याचा उपयोग करून घ्यावा.

लोकांना विचारण्याची पद्धतही शिकावी लागते. राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरसारख्या वस्तीत सगळे ओळखीचे असतात, म्हणून ‘रक्तदान करा’ असे सरसकट आवाहन करण्यापेक्षा ‘काका, गणपतीत रक्त दिलेत त्याला आता तीन महिने झाले, या रविवारी याल का?’ हे विचारणे जास्त परिणामकारक ठरते. त्यासाठी मागच्या शिबिरातील दात्यांची नावे, रक्तगट आणि तारखा त्यांच्या संमतीने वहीत असाव्यात. येताना पोटभर नाश्ता करून या, हेही सांगावे. उपाशीपोटी येऊन चक्कर आलेला दाता पुढच्या वेळी येत नाही.

शिबिराच्या दिवशी पाणी देणे, रांग लावणे, रक्त दिलेल्यांना अल्पोपाहाराच्या जागी निदान पंधरा मिनिटे बसवून ठेवणे, त्यांच्याशी बोलत राहणे ही आपली कामे. सुया, नळ्या आणि भरलेल्या पिशव्या यांना हात लावायचा नाही. दात्याच्या आरोग्याची प्रश्नावलीही आपण भरून घ्यायची नाही, कोणी कितीही घाईत असले तरी. त्या कागदावर खासगी आजारांविषयी प्रश्न असतात, आणि शेजारच्या इमारतीतील मुलगी समोर बसली आहे म्हणून एखाद्याने खरे उत्तर टाळले, तर त्या रक्ताचा धोका आपल्यासारख्याच कोणाला तरी सोसावा लागतो.

सर्वांत नाजूक प्रसंग असतो तो नकाराचा. आमच्या एका शिबिरात शेजारच्या काकू सकाळचा स्वयंपाक आटोपून, चांगली साडी नेसून, पहिल्यांदाच रक्त द्यायला आल्या होत्या. तंत्रज्ञाने बोटाला सुई टोचून पाहिले आणि हिमोग्लोबिन ११ च्या आसपास असल्याने नाही म्हटले. काकू बोट कापसाने दाबून टेबलाजवळच उभ्या राहिल्या, मागची रांग थांबली, आणि त्यांचे डोळे भरून आले. अशा वेळी स्वयंसेवकाने लगेच पुढे व्हावे. ‘या, बसा’ म्हणून खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आलेला आकडा चिठ्ठीवर लिहून मागून घ्यावा आणि ‘ही तपासणी झाली हे बरेच झाले, आता डॉक्टरांना दाखवा’ असे सांगावे. याच ठिकाणी आपल्याजवळ सांगण्यासारखी एक मोलाची गोष्ट असते. हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण बहुधा लोहाची कमतरता असते, पण काही जणांत ते थॅलेसेमियाचे वाहक असण्यामुळेही असते, आणि हिमोग्लोबिन ए-टू च्या तपासणीत ते कळते. वाहक व्यक्ती निरोगी असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात लग्नाची मुले असतील तर ही तपासणी पत्रिका पाहण्याच्या आधी करून घ्या, असे मी प्रत्येक काकूंना सांगते. संकोच वाटतो, तरी सांगते.

निधी कशासाठी आणि कसा

‘रक्तासाठी मदत’ असे शब्द कोणत्याही पत्रकावर छापू नयेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात बंदी आहे. रक्तपेढ्या जे शुल्क घेतात ते तपासणी आणि प्रक्रियेचे असते, आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळायला हवे. पैशांची खरी गरज इतरत्र असते: चढवायच्या रक्तातील पांढऱ्या पेशी गाळणारे फिल्टर, लोह काढणारी औषधे, एमआरआय, आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांचा प्रवास. झाबुआ, धार, खरगोनकडची कुटुंबे पहाटेच्या बसने मुलाला घेऊन इंदूरला येतात, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. बुऱ्हाणपूर-खंडव्याकडची काही कुटुंबे घरी मराठी बोलतात; ओपीडीच्या रांगेत आपल्या भाषेत कोणी चौकशी केली की त्यांचा चेहरा बदलतो. निधी कशावर खर्च करायचा हे अशा दोन-चार कुटुंबांशी बोलून ठरवावे आणि एकच उद्दिष्ट निवडावे. ‘सहा मुलांचे तीन महिन्यांचे फिल्टर’ यासाठी लोक जितक्या सहज देतात, तितक्या सहज ‘थॅलेसेमिया सहायता’ या मोघम नावाला देत नाहीत.

पैसे अल्पवयीन मुलाच्या किंवा त्याच्या पालकांच्या खात्यात घेऊ नयेत. ज्या नोंदणीकृत संस्थेसाठी काम करता तिचेच खाते, तिचाच क्यूआर कोड आणि तिचेच क्रमांक घातलेले पावती पुस्तक वापरावे. दहा रुपयांचीही पावती फाडावी. संस्थेला देणगीवरील करसवलतीची मान्यता असेल तर तसे सांगता येते, पण रोख २००० रुपयांपेक्षा जास्त देणगीवर ती करसवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. एखाद्या रुग्णाला थेट दिलेल्या मदतीवरही ही सवलत नसते. संध्याकाळी जमा रक्कम दोघांनी मिळून मोजावी, वहीत दोघांनी सह्या कराव्यात, आणि पैसे रात्री कोणा मुलाच्या घरी ठेवू नयेत. उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर जमाखर्चाचा एक पानी कागद प्रत्येक देणगीदाराकडे पोचवावा. पुढच्या वर्षी दार उघडते ते या कागदामुळे.

साधनांपैकी रद्दी मला सर्वांत आवडते. तिला भांडवल लागत नाही, कोणाला नाही म्हणावेसे वाटत नाही, आणि कचरा घरातच वेगळा करण्याची सवय झालेल्या आपल्या शहरात कागद आधीच निराळा ठेवलेला असतो. गठ्ठे मात्र आपण उचलू नयेत, ते काम मित्रांवर सोपवावे आणि वजनाची नोंद आपण ठेवावी. दिवाळीच्या फराळाची विक्री चांगली होते, पण तिच्यात काकू-मावशींचे श्रम फार जातात, तेव्हा साहित्याचा खर्च त्यांच्या माथी मारू नये.

आपली कहाणी आपल्या मालकीची

निधीच्या कामात एक मागणी हमखास येते: तुझा फोटो दे, सुई लावलेला असेल तर अधिक चांगले. किंवा मंचावर बोलावून निवेदक ‘बिचारी’ म्हणून ओळख करून देतो. याला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो नकार घरच्यांनी निभावून न्यावा. एकदा मोबाईलवर फिरलेला फोटो परत घेता येत नाही. नोकरी आणि लग्नाच्या वेळीही तो कोणाच्या तरी हाती असतो. बोलायचेच असेल तर दोन मिनिटांचे भाषण स्वतः लिहावे, त्यात हा आजार काय असतो, वाहक-तपासणी का करावी आणि या शिबिरात तुम्ही कोणते काम करत आहात, एवढेच असावे. निवेदकाला ओळखीचे वाक्यही लिहूनच द्यावे: ‘आपल्या मंडळाची कार्यकर्ती, दाते-नोंदणीची प्रमुख.’ दुसऱ्या मुलाचा फोटो किंवा नाव वापरायचे असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि मूल मोठे असेल तर पालक हो म्हणाल्यावरही त्याला स्वतंत्रपणे विचारावे. ते गप्प राहिले तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यावा.

अठरा पूर्ण होताना

अठराव्या वर्षी संमतीपत्रावर तुमची स्वतःची सही लागते आणि बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात जावे लागते. हा बदल सोळाव्या वर्षापासून डॉक्टरांशी बोलून ठरवावा आणि जुन्या वहीची, सर्व अहवालांची आणि प्रत्यारोपणासाठी केलेल्या अस्थिमज्जा जुळणीच्या तपासणीची एक प्रत नव्या विभागासाठी तयार ठेवावी. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढले नसेल तर याच काळात काढून घ्यावे. मित्र अठरा वर्षांचे होतात तेव्हा त्यांच्या वाढदिवसांची यादी करून त्यांना पहिल्या रक्तदानासाठी सोबत न्यावे. आणि मंडळातील आपली वही, दात्यांच्या तारखांसह, नववी-दहावीतल्या एखाद्या मुलाला बारावीच्या परीक्षेआधीच नीट समजावून द्यावी, म्हणजे मे महिन्याचे शिबिर चुकणार नाही.